कोडॅक एम३५ नंतर जुना पेंटॅक्स के१०००: घ्यावा का?

एम३५ या साध्या फिल्म कॅमेऱ्यावर चार-पाच रोल झाले की तक्रार ठरलेली: दुपारचा गोदाघाट झकास येतो, रामकुंडावरची संध्याकाळची आरती मात्र काळीकुट्ट. दोष फिल्मचा नाही. एम३५चं अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ/१० (आकडा लहान तितकं छिद्र मोठं) आणि शटर १/१२० सेकंद, दोन्ही कायमचे ठोकलेले. के१०००ला ५० मिमी एफ/२ लेन्स लावून १/६०ला क्लिक केलं तर फिल्मवर पन्नासपट प्रकाश पडतो; अ‍ॅपर्चरमुळे पंचवीसपट, शटरमुळे दुप्पट. पैसे मोजायचे ते या पन्नासपटीसाठी, जुन्या कॅमेऱ्याच्या रुबाबासाठी नव्हे.

के१००० १९७६ ते १९९७ अशी दोन दशकं बनत होता, त्यामुळे जुन्या बाजारात बॉडी आणि तिला बसणाऱ्या के-माउंट लेन्स अजून मिळतात. शटर १ सेकंद ते १/१०००, सगळं यांत्रिक. सेल फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरसाठी लागतो, एलआर४४ हा एक बटणसेल. तो संपला तरी फोटो निघतात. सेल्फ-टायमर नाही, ऑटोफोकस तर नाहीच. मीटरला बंद करायचं बटणही नाही, म्हणून लेन्सवर टोपी लावायची शिस्त हवी, नाहीतर सेल उगाच झिजतो.

‘चालू कंडिशन’ या दोन शब्दांवर पैसे देऊ नका. लेन्स काढा, मागचं झाकण उघडा, पांढऱ्या भिंतीकडे धरून १/१०००ला शटर मारा. चौकट सगळीकडे सारखी उजळायला हवी. एक बाजू काळी राहिली तर शटरच्या कापडी पडद्यांची गती जुळत नाही. ते काम कारागिराचं, सौदा सोडा. मग १ सेकंदावर मारून मोजा: फार लांबलं किंवा मध्येच अटकलं तर आतलं वंगण सुकलंय. झाकणाच्या खाचेतला फोम बोटाला डांबरासारखा चिकटला तर घाबरू नका, या वयाच्या कॅमेऱ्यात तो गळतोच. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लाकडी काडीने खरवडून नवी पट्टी चिकटवता येते. फक्त त्याचा चुरा पडद्यावर पडू देऊ नका. जुना फोम तसाच ठेवून कॅमेरा वापरलात तर प्रकाश आत झिरपून फोटोंवर लालसर पट्टे येतात. सेलच्या कप्प्याचं झाकण नाण्याने उघडून हिरवा गंज बघा.

लेन्समधून मोबाइलचा टॉर्च आरपार मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. नाशिकच्या पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते. अ‍ॅपर्चर रिंग नसलेली नव्या जमान्यातली पेंटॅक्स लेन्स बसेल, पण के१०००वर अ‍ॅपर्चर त्या रिंगनेच बदलतं, म्हणून उपयोगाची नाही.

मीटर तपासायला २०० आयएसओ (फिल्मची प्रकाश टिपण्याची क्षमता) लावा, एफ/१६, १/२५०, आणि भर उन्हातल्या साध्या राखाडी भिंतीवर रोखा. व्ह्यूफाइंडरमधली मीटरची सुई मधोमध किंवा आसपास हवी. एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट किंवा निम्म्या प्रकाशाचा, फरक आयएसओची चकती फिरवून सांभाळता येतो, सुई हललीच नाही तर किंमत पाडून मागा.

सुईवर डोळे मिटून विश्वास मात्र नको. काळारामाच्या आवारात चौकट काळ्या दगडाने भरली की सुई खाली पडते. तुम्ही अ‍ॅपर्चर उघडता, दगड राखाडी येतो आणि पुढचं पांढरं धोतर जळून जातं. त्याच उजेडात तळहात धरून मीटर वाचा, एक स्टॉप उघडा आणि तिथेच ठेवा.

पंधरा हजार बाजूला काढले असतील तर दहाच्या वर कॅमेऱ्यावर जाऊ देऊ नका. उरलेले फिल्म, डेव्हलपिंग आणि एका सर्व्हिसिंगसाठी. याशिका इलेक्ट्रो ३५ सुंदर आहे, पण त्याला ५.६ व्होल्टचा सेल लागतो, त्यासाठी जुगाड करावा लागतो. सेल नसेल तर शटर १/५००वरच अडकतं. निकॉन एफएम१०ची बॉडी प्लॅस्टिकची असली तरी १/२००० मिळतं, स्वस्तात सापडला तर तोही चालेल. झेनिट टाळाच, त्याचं सर्वांत संथ शटर १/३०, कमी उजेडात ते पुरत नाही.

पहिला रोल भरताना फिल्म पुढे सरकवणारी लिव्हर ओढल्यावर रिवाइंडचा नॉब फिरतोय का ते बघा. फिरत नसेल तर फिल्म पकडलीच गेलेली नाही. शेवटी लिव्हर अडली की जोर लावू नका: तळाचं बटण दाबा, मगच गुंडाळा, नाहीतर फिल्मची भोकं फाटतात.