बंद पडलेली खाजगी शाळा घ्यायची की नवीन बांधायची?

सरकारी हायस्कूलसाठी बंद पडलेली खाजगी शाळा घेतली की वर्ग, मैदान, पाणी-लाईट कनेक्शन सगळं आयतं मिळतं आणि मुलं लवकर बसवता येतात, नवीन बांधायचं म्हणजे जागा, मंजुरी, टेंडर यातच वर्षं जातात.

पण खरी गंमत आत गेल्यावर कळते. खाजगी शाळा लहान मुलांची असेल तर बेसिन गुडघ्याएवढी, टॉयलेट बुटकी, आणि सायन्स लॅब नाहीच, मग गॅस लाईन, सिंक, ड्रेनेज, एक्झॉस्ट सगळं नव्याने, त्यात भिंती लोड बेअरिंग (म्हणजे वरचा भार पेलणाऱ्या, पाडता न येणाऱ्या) निघाल्या तर दोन वर्ग जोडून लॅब करणं विसराच. व्हीलचेअरसाठी रॅम्पचा उतार साधारण 1:12 लागतो, म्हणजे जोतं 2 फूट उंच असेल तर रॅम्पच 24 फूट, तो काढायचा कुठून? जिनेही अरुंद असतात, आणि हायस्कूलची पोरं सुट्टी झाली की एकदम सुटतात (शिक्षक पण, खरं सांगायचं तर).

नवीन बांधकामात हे सगळं आधीच प्लॅनमध्ये बसतं, खर्च मात्र जास्त. माझं मत जुनीच घ्या, फक्त व्यवहाराआधी स्ट्रक्चरल ऑडिट (इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी) करा, रंगरंगोटी बघून भुलू नका.