विमानवेड्यांचा मराठी कार्यक्रम: सामुदायिक रेडिओ की पॉडकास्ट?

विमानांवर मराठीतून बोलायचं, तर बडोद्याला विषयाची ददात नाही. हवाई दलाची ११ क्रमांकाची स्क्वाड्रन इथलीच. तिच्याकडे जुन्या ॲव्हरो या वाहतुकीच्या विमानाच्या जागी नवं सी-२९५ आलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते बनवणाऱ्या टाटा-एअरबसच्या कारखान्याचं उद्घाटनही इथंच झालं. करारातल्या ५६ विमानांपैकी ४० इथं तयार व्हायची आहेत. अडतं ते कार्यक्रम कुठून करायचा इथे.

सामुदायिक रेडिओचा परवाना एकट्यादुकट्याला मिळत नाही. शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्र किंवा नोंदणीकृत सेवाभावी संस्था, यांनाच तो मिळतो. म्हणजे तुम्ही जाणार दुसऱ्याच्या केंद्रावर, ते देतील त्या वेळेला. ट्रान्समीटर १०० वॅटचा, पल्ला साधारण १० ते १५ किलोमीटर. दांडिया बाजार, रावपुरा यात येईल, पण नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले काका आणि पुण्यात एरोमॉडेलिंग करणारी पोरं सुटतील. विमानवेडे मुळात विखुरलेले. नुसते श्रोते मोजायचे असतील तर पॉडकास्टच घ्या, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

तरी रेडिओ माझ्या मनातून जात नाही, तो थेट फोनमुळे. ॲव्हरोला रोल्स-रॉइसची डार्ट इंजिनं होती. त्यांची ती कानात घुसणारी, चढत जाणारी शीळ. सी-२९५ला प्रॅट अँड व्हिटनीची इंजिनं आणि सहा पात्यांचे पंखे, आवाज जाड, घुमणारा. हे दोन तुकडे एकापाठोपाठ वाजवा आणि विचारा, यातलं ॲव्हरो कोणतं? विमानतळाजवळ हरणीकडे वर्षानुवर्षं राहिलेल्या आजी फोन करतील आणि त्यांच्या अंगणावरून ते कधी कसं जायचं तेही सांगतील. पॉडकास्टखाली आलेल्या चार ओळींत हे येत नाही. (आवाज मात्र रीतसर प्रसिद्ध झालेल्या चित्रफितींतून, परवानगीने घ्या. तळाच्या कुंपणाशी माईक घेऊन उभं राहू नका. कंट्रोल टॉवरचं बोलणं पकडणारे रिसीव्हरही परवान्याशिवाय वापरता येत नाहीत.)

थेट बोलण्याचा धोकाही तिथंच आहे. शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ साली मुंबईत चौपाटीवर विमान उडवलं ना, हा फोन मराठी कार्यक्रमात येणारच. त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा नाही, आणि प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातली विमानं उडू शकत नाहीत हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवलं, हे फोन करणाऱ्याचा मान राखून तिथल्या तिथे सांगता आलं पाहिजे. पॉडकास्टमध्ये तयारीला वेळ मिळतो.

सगळ्यात अवघड, अपघाताचा दिवस. १२ जून २०२५ला अहमदाबादला एअर इंडियाचं ड्रीमलायनर पडलं, विमानातल्या २४२ पैकी २४१ जण गेले. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या तेवढ्या, जशाच्या तशा किंवा स्थानिक भाषेत भाषांतर करून, चालतात. एरवी हा नियम जाचक वाटतो, पण अशा दिवशी तो निवेदकाला सांभाळून घेतो. प्राथमिक अहवाल महिन्याभराने आला. दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच साधारण सेकंदाच्या अंतराने बंदकडे गेले, एवढं त्यात आहे. ते का गेले, ते नाही. त्या महिन्यात वैमानिकांबद्दल किती काय काय बोललं गेलं! त्यांच्या घरचे लोकही ते ऐकत होते. पॉडकास्टवर तुम्हाला अडवणारं कुणी नाही, म्हणून आवर तुम्हीच घालायचा. अहवाल येईपर्यंत कारणांवर भाग काढायचा नाही, हे सुरुवातीलाच ठरवून टाका.

माझं मत विचाराल तर पंधरवड्याला एक पॉडकास्ट, नीट संपादन करून. अशा दहाएक भागांनंतर हातात काही दाखवण्यासारखं असेल, तेव्हा जवळच्या केंद्राकडे महिन्यातून एकदा फक्त फोनसाठी अर्धा तास मागा. आणि तो मराठीपुरता ठेवू नका. ॲव्हरो ऐकत मोठे झालेले शेजारी गुजरातीतून बोलतील, त्यांना बोलू द्या.