सफारी की स्कॉर्पिओ-एन: आधी चासी बघा, मग सनरूफ

लांबी मोजली तर दोन्ही गाड्या जवळपास सारख्याच. २०२३ नंतरची टाटा सफारी ४६६८ मिलिमीटर, महिंद्रा स्कॉर्पिओ-एन ४६६२. दोघींना तीन रांगा, आणि दोघी पुण्याच्याच पट्ट्यात बनतात: एक पिंपरीत, दुसरी चाकणला. त्यामुळे सगळ्या घराला पुरेल अशी मोठी गाडी घ्यायची ठरली की बऱ्याच घरांत गाडं या दोन नावांशी येऊन अडतं. मग सनरूफ, स्क्रीन, स्पीकर यांची यादी निघते. माझं मत असं की ती यादी सगळ्यात शेवटी काढावी. आधी खाली वाकून चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा बघावा. खरा फरक तिथं आहे, आणि तो का पडला हे दोघींच्या इतिहासातून कळतं.

सफारी १९९८ ची. टाटांचा हात ट्रकवर बसलेला. त्या अनुभवातून १९८८ ला टाटामोबाइल पिकअप आला, मग १९९१ ला सिएरा, १९९४ ला सुमो. सफारी याच घराण्यातली होती: खाली जाड लोखंडाची, शिडीसारखी लॅडर फ्रेम, तिच्यावर बसवलेली बॉडी, मागच्या दरवाजाला स्टेपनी, आणि हवं असेल तर फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ओढ. पहिलं दोन लिटरचं टर्बो डिझेल एवढ्या जड गाडीला कमीच पडायचं. २००५ ला तीन लिटरचं डायकॉर नावाचं डिझेल इंजिन आलं, पण सफारी खऱ्या अर्थानं भरात आली ती २००७ च्या २.२ लिटर, १४० पीएसच्या (पीएस म्हणजे ताकदीचं माप) इंजिनानं. घाटात चौथ्या गिअरवर ओढणारी सफारी ज्यांना आठवते, ती बहुधा हीच. २०१२ ला सफारी स्टॉर्म आली. २०१७ मध्ये भारतीय लष्करानं ३,१९२ स्टॉर्म मागवल्या, जिप्सीची जागा घ्यायला. २०१९ ला ती बंद झाली.

२०२१ ला परत आली ती सफारी मुळातच वेगळी आहे. लँड रोव्हरच्या डी-८ आराखड्यावरून टाटांनी ओमेगार्क नावाचा पाया तयार केला, त्यावर आधी टाटांचीच हॅरिअर उभी राहिली आणि तीच मागे वाढवून सफारी झाली. चासी आणि बॉडी एकजीव, म्हणजे मोनोकॉक. ताकद पुढच्या चाकांना. फोर बाय फोर नाहीच. नावावरून जुन्या मालकांनी नाराजी काढली, आणि ती मला समजते. पण गाडी म्हणून ती जुन्या सफारीपेक्षा घरच्या माणसांना कितीतरी सोयीची आहे, हेही तितकंच खरं.

महिंद्रानं उलटी वाट धरली. जीप बांधत मोठी झालेली ही कंपनी. डेट्रॉइटला जनरल मोटर्समध्ये असलेले पवन गोएंका १९९३ ला महिंद्रात आले आणि नाशिकला संशोधन विभाग बघू लागले. तिथून २००२ ला स्कॉर्पिओ बाहेर पडली. सुमारे ५५० कोटी रुपयांत पूर्ण नवी गाडी उभी करणं तेव्हा मोठं धाडस होतं. २०१४ ला तिची चासी बदलली, पण जात तीच राहिली. जून २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एन आली तेव्हा मोनोकॉकवर जायची पूर्ण संधी होती, कारण त्याच कंपनीची एक्सयूव्ही ७०० मोनोकॉकवरच उभी होती. तरी त्यांनी लॅडर फ्रेम आणि मागच्या चाकांची ओढ ठेवली. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण स्कॉर्पिओ घेणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. ३० जुलैला बुकिंग उघडलं आणि अर्ध्या तासात एक लाखावर नोंदी झाल्या.

आता तुमच्या वापराचं बोलू.

पावसात कोकणातल्या घरापर्यंतचा शेवटचा चढ कच्चा, लाल मातीचा असेल, तर सफारीचा विचार जपून करा. सामान आणि माणसं भरून चढावर गेलं की वजन मागे सरकतं, पुढची चाकं हलकी पडतात आणि पुढच्याच चाकांना ओढ असलेली गाडी जागच्या जागी चाक फिरवते. सफारीतला रफ मोड ब्रेक आणि ताकद सांभाळून मदत करतो, पण मागच्या चाकांना ओढ देऊ शकत नाही. स्कॉर्पिओ-एनमध्ये तेच सरकलेलं वजन ओढणाऱ्या चाकांवर येतं. वर फोर बाय फोर घेतलीत तर लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त ओढ देणारा गिअरही मिळतो. मात्र फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये आहे. बागेचा माल, ट्रेलर, खडबडीत वाट, असं सगळं नेहमीचं असेल तर निवड इथंच संपते.

पण वर्षातले बहुतेक किलोमीटर एक्सप्रेसवे आणि शहरात जाणार असतील, आणि तिसऱ्या रांगेत रोज कोणी बसणार असेल, तर मी सफारी घ्या म्हणेन. लॅडर फ्रेमवर मजला उंच येतो. गुडघे दुखणाऱ्या आजीला स्कॉर्पिओ-एनमध्ये चढवणं हे रोजचं काम होऊन बसतं. तिची तिसरी रांग मुलांपुरतीच, मागे एसीचे वेगळे झोत नाहीत, आणि ती रांग उघडी असली की डिकीत दोन सॅकच्या वर फारसं मावत नाही. सफारीत मागे मोठं माणूसही तास-दोन तास नीट बसतं, एसीचे झोत आहेत, आणि तिसरी रांग अर्धी-अर्धी पाडता येते. सहा आसनांची घेतलीत तर मधल्या वाटेनं मागे जाता येतं.

सुरक्षिततेत दोघींना ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेचे मोठ्यांसाठी पाच तारे आहेत, पण तेवढ्यावर थांबू नका. सफारीला मोठ्यांसाठी ३४ पैकी ३३.०५ गुण आणि मुलांसाठीही पाच तारे. स्कॉर्पिओ-एनला २०२२ च्या चाचणीत मोठ्यांसाठी २९.२५, आणि मुलांसाठी फक्त तीन तारे. घरात लहान मूल असेल तर माझ्यासाठी हा एक आकडा बाकी सगळ्यावर भारी आहे.

इंजिनात स्कॉर्पिओ-एन पुढे. तिचं २.२ डिझेल वरच्या मॉडेलमध्ये १७५ पीएस देतं, आणि २०३ पीएसचं टर्बो पेट्रोल मोठ्या रस्त्यावर मन खूश करतं. खालच्या मॉडेलमध्ये हेच डिझेल १३२ पीएसचं आहे, तेव्हा किंमत बघताना नेमकं कुठलं ट्यूनिंग मिळतंय ते विचारा. सफारीचं दोन लिटरचं डिझेल १७० पीएसचं, फियाटच्या घराण्यातलं, टिकाऊ आहे, पण आवाज जाणवतो. २०२३ ला स्टिअरिंग इलेक्ट्रिक झाल्यापासून ती गर्दीत खूपच हलकी वळते. वेगात वळण घेताना सफारी जास्त शांत राहते.

आणि ज्यांचा जीव अजून जुन्या सफारीतच आहे, त्यांनी सेकंडहँड स्टॉर्म घ्यावी का? फोर बाय फोर, चासीवर गंज नसलेली, एकाच मालकाची मिळाली आणि ती घरातली दुसरी गाडी असेल तर जरूर. लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पण मुलांना रोज शाळेत सोडायची एकमेव गाडी म्हणून मी ती सुचवणार नाही. त्या कामाला पिंपरीची नवी सफारीच घ्या.