वेदीच्या कापडांसाठी घेतलेलं शुद्ध लिनन: बारा धुलाईनंतरचं मत

हे कापड घरी येऊन आठ महिने झाले. त्यातून शिवलेले कॉर्पोरल (वेदीवर प्याल्याखाली अंथरायचं चौकोनी कापड) आणि प्युरिफिकेटर (द्राक्षारसाचा प्याला पुसायचा रुमाल) आमच्या चर्चमध्ये नियमित वापरात आहेत आणि प्रत्येक नग निदान बारा वेळा धुऊन झाला आहे. वेदीवरच्या कापडाबद्दल कोऱ्या तुकड्यावरून काही सांगणं मला पटत नाही, म्हणून एवढी थांबले.

मागवलं होतं ते पांढरं, शंभर टक्के जवसाच्या धाग्याचं लिनन. मध्यम जाडी, १५० सेंटीमीटर पन्ना, ३ मीटर. त्याआधी आमच्याकडे कुणीतरी प्रेमाने दिलेले टेरिकॉटचे प्युरिफिकेटर होते. दिसायला नीटस, इस्त्रीचीही फारशी गरज नाही. पण प्याला पुसताना ते कापड ओल टिपायचंच नाही, नुसती पसरवायचं. फादर तोच प्याला तीन-तीनदा पुसत आणि मला बाकावर बसून ते बघवत नसे. ज्या कापडाचं काम शेवटचा थेंब टिपणं आहे, त्याला तेवढं तरी जमायला हवं.

म्हणून पहिली परीक्षा पाण्याच्या थेंबाची घेतली. कोऱ्या कापडावर थेंब मण्यासारखा बसून राहिला आणि माझा जीव खाली-वर झाला. पण ती वरची खळ होती. एका धुलाईनंतर थेंब हळूहळू जिरला, तिसरीनंतर पडताक्षणी नाहीसा झाला. आता हे प्युरिफिकेटर इतके मऊ झाले आहेत की प्याल्याच्या आतल्या गोलाईत आपोआप बसतात. यासाठी पूर्ण गुण.

आटण्याच्या बाबतीत मात्र विक्रेत्याने लिहिलेलं खरं निघालं नाही. ‘आधीच आटवलेलं’ असं वर्णन होतं. तरी मी ५० बाय ५० सेंटीमीटरचा तुकडा गरम पाण्यात धुऊन पाहिला: उभ्या धाग्यात ४७ भरला, आडव्यात ४८.५. साध्या टेबलक्लॉथला हा फरक चालून जाईल, कॉर्पोरलला नाही. कॉर्पोरलची घडी तीन उभी, तीन आडवी, असे नऊ सारखे चौकोन पडतात, आणि कडा आत वळतात ते पवित्र भाकरीचा कण पडला तरी आतच राहावा म्हणून. चौकोनाचा आयत झाला की घड्या सरकतात. तेव्हा सगळं कापड आधी गरम पाण्यात धुवा, मगच कात्री लावा.

कापताना मात्र या कापडाने मन जिंकलं. लिनन अंदाजाने कापत नाहीत. एक धागा ओढून काढायचा आणि उरलेल्या बारीक रेघेवरून कात्री न्यायची. इथे धागा पन्नाभर सलग निघतो, क्वचितच तुटतो. विणही घट्ट आहे, त्यामुळे कोपरे तिरके जोडून हातशिलाई केली तर दुमड बारीक आणि सपाट बसते. मशीन मी या कापडांना लावत नाही.

भरतकामासाठी एक सावधगिरी. आडव्या धाग्यात मधूनमधून जाड गाठी येतात. पांढऱ्यावर पांढरा क्रूस भरताना, खाली धावदोऱ्याचा भराव आणि वर साटिन टाका, अशी गाठ मध्ये आली की कड वाकडी दिसते. मी कापड खिडकीसमोर धरून स्वच्छ जागा शोधते आणि त्याप्रमाणे तुकडे आखते. धागा डीएमसी कंपनीचा कोतों आ ब्रोदे, म्हणजे भरतकामाचा एकपदरी सुती दोरा, २५ नंबर. सहापदरी दोऱ्यासारखे पदर सुटे करावे लागत नाहीत आणि धुऊन धुऊन त्याची चमक गेलेली नाही.

क्रूस कुठे भरावा हे मी चुकून शिकले. माझ्या पहिल्या कॉर्पोरलवर हौसेने मधोमध भरीव क्रूस काढला होता. मिस्सानंतर, म्हणजे वेदीवरची उपासना संपल्यावर, फादर म्हणाले, “काम फार सुरेख आहे, पण प्याला त्याच्यावर डुगडुगतो. पुढच्या कडेला घ्याल का?” तेव्हापासून पुढच्या बाजूच्या मधल्या चौकोनात, लहानसा.

दुसऱ्यांदा मागवलेलं कापड मात्र वेगळ्याच पांढऱ्याचं आलं. पहिलं दुधाळ, हे निळसर. नाव तेच, वर्णन तेच. शेजारी ठेवले की जुने नग मळके वाटतात, आणि खरं तर ते मळके नसतात म्हणून वाईट वाटतं. तक्रार केल्यावर ‘लॉट बदलतो’ एवढंच उत्तर मिळालं. लागणारं सगळं कापड एकदमच घ्या, आणि जमल्यास गुंडाळून मागवा. घडीची मधली रेघ माझ्या पहिल्या तुकड्यातून चौथ्या धुलाईला गेली.

डागांचं सांगते. वापरलेली कापडं आधी साध्या गार पाण्यात भिजवायची. ते पहिलं पाणी मोरीत जात नाही, जमिनीत ओततात. मग नेहमीची धुलाई. द्राक्षारसाचा डाग यातून बहुतेक वेळा पूर्ण गेला, लिपस्टिकचा दोनदा घासावा लागला. टेरिकॉटमध्ये दोन्ही कायमचे बसले होते. इस्त्री कापड ओलसर असतानाच, उलट बाजूने, खाली जाड टॉवेल घालून; क्रूस उठून दिसतो. कॉर्पोरलला हलकी खळ देते, प्युरिफिकेटरला कधीच नाही.

उरलेल्या पट्ट्या एका हिरव्या स्टोलच्या (फादर गळ्यात घालतात त्या लांब पट्ट्याच्या) आत, रेशीम आणि अस्तर यांच्यामध्ये घातल्या. स्टोल गळ्यावरून सरळ पडतो, चुरगळत नाही.

गाठी आणि आटणं धरूनही मी हेच कापड पुन्हा घेतलं आहे, या वेळी एकाच लॉटचं ६ मीटर. त्यातून वेदीचं मोठं आच्छादन चाललं आहे. ख्रिस्ताच्या पाच जखमांसाठी पाच क्रूस, चार कोपऱ्यांना एकेक आणि एक मध्ये. मधला सपाट, भराव न घालता, कारण त्याच्यावर कॉर्पोरल आणि प्याला येणार. कोपऱ्यांचे दोन भरून झाले आहेत.