दोन रंगी चकत्यांचा गणित सेट: चकत्या मस्त, सोबतचं पत्रक मात्र बाजूला ठेवा

लेकीला पूर्णांकांचा गुणाकार नीट समजावा म्हणून हा सेट ऑनलाइन मागवला, महिनाभर वापरला आणि मगच लिहितेय. पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा स्टार कशाचा कापला ते शेवटी कळेलच, पूर्ण एक मात्र पत्रकाचा.

आधी गरज का पडली ते सांगते. 'वजा गुणिले वजा अधिक' हे तिला तोंडपाठ होतं, गुणाकाराची उत्तरं पण बरोबर यायची, त्यामुळे मी निवांत होते. मग एक दिवस वहीत बघितलं तर −२ आणि −३ यांची बेरीज चक्क +५! विचारलं तर म्हणे, "अगं आई, दोन वजा आले ना, मग अधिकच." म्हणजे पाठ केलेला नियम बेरजेत पण घुसला होता, आणि तो कुठून आलाय हेच माहीत नाही तर कुठे लावायचा नाही हे कसं कळणार.

तर बॉक्समध्ये ४० चकत्या येतात, एका बाजूने पिवळ्या म्हणजे +१, दुसऱ्या बाजूने लाल म्हणजे −१. जाड आहेत, पटकन उचलता येतात, रंग अजून तरी गेलेला नाही. सोबत संख्यारेषेची पट्टी आणि चार पानांचं पत्रक. पत्रकात एकच युक्ती आहे, वजा दिसलं की सगळ्या चकत्या पलटा. गणित म्हणून यात चूक नाहीये, −१ ने गुणलं की विरुद्ध संख्या मिळते हे खरंच, पण लेकीने विचारलं "का पलटायच्या?" तर त्याचं उत्तर चार पानांत कुठेच नाही, म्हणजे पाठांतर तेच, फक्त आता हाताने करायचं.

मग आम्ही पलटणं बंद केलं आणि ठेवणं-उचलणं सुरू केलं. ३ × −२ सोपं, दोन-दोन लाल चकत्या तीनदा ठेवल्या, ६ लाल, म्हणजे −६. आता −३ × २. पहिला आकडा वजा आहे म्हणजे ठेवायच्या नाहीत, दोन-दोन पिवळ्या तीनदा उचलायच्या. पण रिकाम्या टेबलावरून उचलणार काय? इथेच या सेटची खरी मजा आहे. एक पिवळी आणि एक लाल शेजारी ठेवली की शून्य, म्हणून अशा ६ जोड्या मांडल्या तरी टेबलावर अजून शून्यच. त्यातल्या ६ पिवळ्या उचलल्या, उरल्या ६ लाल. −६. हे जोड्यांचं प्रकरण गळी उतरायला दोन दिवस गेले, घाई करू नका, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

−३ × −२ ला मी काही बोललेच नाही. तिनेच ६ जोड्या मांडल्या, दोन-दोन लाल तीनदा उचलल्या, थोडा वेळ बघत बसली आणि म्हणाली, "लाल काढल्या म्हणून पिवळ्या उरल्या, एवढंच?" हो बाई, एवढंच! मग उधारीचं उदाहरण दिलं, तू कुणाचे २-२ देणं लागतेस अशा तीन चिठ्ठ्या त्याने फाडून टाकल्या तर तू ६ ने वर आलीस की नाही. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये हे नियम लिहिले तेव्हा त्याने पण धन आणि ऋण असेच शब्द वापरलेत, ऋण गुणिले ऋण धन. बेरजेचा घोळ पण सुटला, कारण लाल चकत्यांत लाल चकत्या टाकल्या तर पिवळ्या येणार कुठून?

लालच वजा का, असंही विचारून झालं. काही कारण नाही, जुन्या चीनमध्ये तर गणिताच्या काड्यांत लाल अधिक आणि काळी वजा असायची.

संख्यारेषेची पट्टी −१० ते १० एवढीच, ३ × −४ केलं की आपण पट्टीच्या बाहेर. आम्ही एकदा वापरून ठेवून दिली. खरं सांगायचं तर चकत्यांऐवजी दोन रंगांची शर्टाची बटणं किंवा बाटल्यांची झाकणं (उलटं झाकण म्हणजे वजा) घेतली तरी काम होतं, घरात असतील तर आधी ती काढा.

आणि तो अर्धा स्टार. ४० चकत्या म्हणजे २० जोड्या, त्यामुळे गुणाकार २० च्या वर गेला की संपलं, −४ × −६ मांडताच येत नाही. निदान ६० तरी द्यायला हव्या होत्या. त्यात परवा एक चकती कुठेतरी कपाटाखाली गेलीय ती सापडत नाहीये, आता जोड्या १९ च, म्हणजे −४ × −५ पण गेलं.