काळा घोडा की भायखळा? म्युझियमवरची व्याख्यानं कुठे ऐकावीत

भाचीने इतिहासात एम.ए. केलं आणि आता तिला म्युझियममध्ये काम करायचंय. राहायला डोंबिवलीत, सध्याची नोकरी अंधेरीत. "मावशी, महिन्यातून फार तर दोन संध्याकाळी निघतील. कला आणि म्युझियमवरची व्याख्यानं ऐकायला नेमकं कुठे जाऊ?" फोनवरचं उत्तर लांबत गेलं, तेव्हा म्हटलं लिहूनच काढावं. तिच्यासारखे अजून कुणी असतीलच.

आपण वक्त्याचं नाव वाचून जातो. चित्रकलेचा इतिहास ऐकायचा असेल तर ते ठीकच. पण म्युझियम चालवायचं कसं, हे ऐकायचं असेल तर वक्त्याच्या आधी वास्तूचा धनी कोण ते बघावं. पगार कोण देतं, छप्पर गळायला लागलं की फाइल कुणाच्या टेबलावर जाते, नवं दालन उघडायला कुणाची सही लागते, यावरच माइकसमोर किती मोकळं बोललं जाणार ते ठरतं. मुंबईत या बाबतीत तीन तऱ्हा सापडतात आणि तिन्ही लोकलच्या टप्प्यात आहेत.

पहिली तऱ्हा काळ्या घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची. आमच्या पिढीच्या तोंडून अजूनही 'प्रिन्स ऑफ वेल्स'च निघतं. १९०५ मध्ये कोनशिला बसली, जॉर्ज विटेटने आखलेली इमारत १९१४ पर्यंत उभी राहिली, आणि मग पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ आलं. लोकांसाठी दारं उघडली ती थेट १९२२ मध्ये. म्युझियमच्या प्रमुखाने धीर किती धरावा, याचा पहिला धडा त्या इमारतीतच आहे. कारभार विश्वस्त मंडळाचा. त्यामुळे इथल्या वक्त्यांच्या बोलण्यात देणगीदार, प्रायोजक आणि परदेशी म्युझियमशी होणारे करार हे विषय हटकून येतात. २०१७-१८ मध्ये ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाबरोबर भारत आणि जग यांची गोष्ट सांगणारं प्रदर्शन इथेच भरलं होतं. २०२३ च्या डिसेंबरात ग्रीस, रोम, इजिप्त आणि असिरियाची प्राचीन शिल्पं भारतीय शिल्पांच्या शेजारी उभी राहिली. ब्रिटिश म्युझियमचे माजी संचालक नील मॅकग्रेगर इथे सल्लागार म्हणून काम करत आले आहेत. उसनी आणलेली मूर्ती कुठल्या तापमानात ठेवायची, विमा कुणी भरायचा, आणि मुख्य म्हणजे गोष्ट कुणाच्या तोंडून सांगायची, हे प्रश्न ज्यांनी प्रत्यक्ष सोडवलेत अशी माणसं ऐकायला मिळणं ही या जागेची खरी कमाई. म्युझियम सोसायटी ऑफ मुंबईची व्याख्यानंही इथे होतात. त्यांच्या कार्यक्रमांवर नजर ठेवावी.

दुसरी तऱ्हा भायखळ्याची, आणि माझा जीव तिथे जास्त रमतो हे आधीच सांगून टाकते. राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या नावाने उघडलं, १९७५ मध्ये त्याला आपल्या माणसाचं नाव मिळालं. भाऊ दाजी डॉक्टर, संस्कृतचे आणि शिलालेखांचे अभ्यासक. संग्रहालय व्हावं म्हणून खटपट करणाऱ्यांतले एक. पुढे वास्तूची रया गेली. लहानपणी आम्ही हत्ती आणि पाणघोडा बघून परत फिरायचो, म्युझियमकडे कुणाचं लक्षही जायचं नाही. २००३ मध्ये महापालिका, वारसा जपणारी संस्था इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. जीर्णोद्धाराला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिकचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये नक्षीदार लोखंडी खांब, सोनेरी रंगकाम, मातीच्या बाहुल्यांची कपाटं पुन्हा लोकांसमोर आली.

हे सगळं का सांगतेय? कारण जागा पालिकेची, कारभार न्यासाचा आणि पैसा दोन्हीकडचा, असा संसार कसा चालतो हे ऐकायला शहरात याच्याइतकी दुसरी चांगली जागा नाही. कराराची मुदत, पालिकेचं अंदाजपत्रक, बागेतली झाडं, प्राणिसंग्रहालयाची गर्दी, सगळं एकमेकांत गुंतलेलं. २०१४ मध्ये नव्या विस्तारासाठी अमेरिकन वास्तुरचनाकार स्टीव्हन हॉल यांचा आराखडा स्पर्धेतून निवडला गेला, पण ती इमारत काही उभी राहिली नाही. आराखडा निवडणं आणि वीट रचणं यांच्यामध्ये काय काय असतं, ते समजून घ्यायचं असेल तर त्या मोकळ्या जागेकडे बघत व्याख्यान ऐकावं. शिवाय आजच्या कलावंतांना जुन्या संग्रहाशी बोलायला लावायची इथली रीत मला आवडते. घाटकोपरचे चित्रकार अतुल दोडिया यांचं प्रदर्शन त्याच रीतीतलं होतं. अशा वेळी कलाकार आणि क्युरेटर (प्रदर्शनाची निवड-मांडणी ठरवणारा) यांच्या गप्पा ऐकल्या की प्रदर्शन 'लावतात' म्हणजे नक्की काय करतात ते उमगतं. करोनानंतर वास्तू बरीच वर्षं दुरुस्तीसाठी बंद होती, २०२५ मध्ये उघडली. बुधवारी सुट्टी असते, तेवढं ध्यानात ठेवायचं.

तिसरी तऱ्हा केंद्र सरकारची: राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. १९११ च्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये ते १९९६ पासून आहे. एकेकाळी याच हॉलमध्ये सभा गाजायच्या, मैफली रंगायच्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये चित्रकार प्रभाकर बरवे यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकर बोलायला उभे राहिले आणि स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्या बरखास्त झाल्याचा विषय त्यांनी काढला. त्यांना मध्येच थांबवण्यात आलं, बरव्यांबद्दलच बोला असं सांगण्यात आलं. हा प्रसंग आपल्याकडे वर्तमानपत्रांत पुष्कळ गाजला. माझ्या मते, म्युझियमच्या नेतृत्वावर मुंबईत झालेलं सर्वात शिकवून जाणारं भाषण ते होतं, आणि ते पुरतं होऊही दिलं गेलं नाही. इथे चित्रं पाहायला जरूर जा. गोलाकार जिने चढत वरच्या घुमटापर्यंत जाण्यात मौज आहे. पण संस्था चालवण्यातल्या अडचणींवर मोकळी चर्चा होईल, या आशेने जाऊ नका.

बाकीच्या जागा थोडक्यात. एशियाटिक सोसायटीच्या दरबार हॉलमध्ये इतिहास आणि पुराभिलेखांवर उत्तम बोललं जातं, बाहेरच्या पायऱ्या मात्र गुडघ्यांची परीक्षा घेतात. फोर्टातल्या क्वीन्स मॅन्शनमधलं ज्ञानप्रवाह भारतीय सौंदर्यशास्त्र आणि कलेतिहासाचे दीर्घ अभ्यासक्रम चालवतं. एखाद्या संध्याकाळपुरतं नाही, सलग वर्षभर येणार असाल तरच त्याचा फायदा. जानेवारी-फेब्रुवारीतल्या काळा घोडा महोत्सवात वक्ते पुष्कळ असतात आणि गर्दी त्याहून जास्त, एकाग्रता घरी ठेवून जावं लागतं. आणि मराठीतून ऐकायचं असेल तर ज.जी. (म्हणजे जे.जे.) कला महाविद्यालयातले कार्यक्रम धुंडाळा. फोर्ट-कुलाब्याकडची बहुतेक व्याख्यानं इंग्रजीतच असतात, हे दुखणं जुनंच.

एक इशारा. दक्षिण मुंबईतल्या एका सभागृहात (नाव घेत नाही) मी दीड तास बसले. शेवटी प्रश्न चिठ्ठीवर लिहून मागितले आणि वाचले फक्त तीन, तिन्ही कौतुकाचे. तेव्हापासून जाण्याआधी मी फोन करून विचारते, "प्रश्न हात वर करून विचारता येतील का?" भाचीलाही तेच सांगितलं. वर दोन प्रश्न लिहून दिले: वर्षाचा खर्च कुठून भागतो, आणि कोठारात पडून असलेल्या वस्तूंचं काय करता? पहिल्याला वक्ता कसा उत्तर देतो, त्यावरून पुन्हा जायचं की नाही ते ठरव, असं म्हटलं.

मग तिने काय ठरवलं? महिन्यातली एक संध्याकाळ भायखळ्याला, कारण परतीची लोकल तिथूनच पकडता येते आणि पायी पाच-दहा मिनिटांचं अंतर. दुसरी काळ्या घोड्याला, पण परदेशातून आलेला संचालक किंवा जुन्या वस्तू जपणारा संवर्धक बोलणार असेल तरच. "आणि बरव्यांची चित्रं?" मी विचारलं. "ती रविवारी," ती म्हणाली, "तू पण ये."