मायक्रोटिक सीएचआर: घरच्या लॅबला हलका, पण एक मेख आहे

घरी रूटिंगची लॅब मांडायची म्हटली की आधी रॅम आडवी येते. सिस्कोचा सीएसआर हा सॉफ्टवेअर राउटर एका राउटरमागे ४ जीबी मागतो. आठ मांडले की ३२ जीबी गेले. मायक्रोटिकचा तसाच सॉफ्टवेअर राउटर सीएचआर (क्लाउड होस्टेड राउटर) २५६ एमबी रॅम आणि १२८ एमबी डिस्कवर चालतो, म्हणजे आठ राउटर २ जीबीत. लॅमिंग्टन रोडवर मिळणारा १६ जीबीचा सेकंडहँड मिनी पीसी घेतला आणि त्यावर प्रॉक्समॉक्स (एका पीसीवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) टाकला की काम भागतं.

मेख फुकटच्या लायसन्सात आहे. प्रत्येक इंटरफेसवरून बाहेर जाणारा वेग १ एमबीपीएसला अडवलेला असतो. १० एमबीची फाइल पाठवा, ८० सेकंद धरूनच चाला. ओएसपीएफ आणि बीजीपी हे राउटरनी एकमेकांना रस्ते कळवायचे प्रोटोकॉल. ओएसपीएफच्या हॅलो पॅकेटला किंवा बीजीपीच्या अपडेटला याचं काही सोयरसुतक नाही, त्यामुळे प्रोटोकॉल शिकायला हे लायसन्स पुरतं. क्यूओएस (कोणत्या ट्रॅफिकला किती वेग द्यायचा ते ठरवणं) किंवा व्हीपीएनचा वेग मोजायचा असेल तर मायक्रोटिकचं खातं उघडून ६० दिवसांची ट्रायल घ्या. ती संपल्यावर राउटर बंद पडत नाही, फक्त नवी आवृत्ती चढवता येत नाही.

प्रॉक्समॉक्सवर सीएचआरची रॉ इमेज (तयार डिस्कची फाइल) उतरवा, डिस्क नसलेलं व्हीएम बनवा, इमेज इम्पोर्ट करून जोडा, नेटवर्क कार्ड व्हर्टआयओ प्रकारचं ठेवा. नव्याने करणारे बूट ऑर्डरमध्ये ही डिस्क निवडायला हमखास विसरतात आणि मग इमेजलाच खराब ठरवतात. प्रती काढायच्या तर एकदाही सुरू न केलेल्या व्हीएमच्या काढा. सुरू केलेल्याची क्लोन घेतली तर सिस्टिम आयडी सगळ्यांचा एकच होतो आणि लायसन्स घेताना घोळ होतो. तसं झालंच तर लायसन्स मेनूतून नवा आयडी काढता येतो.

पहिल्या लॉगिनला युजर ॲडमिन, पासवर्ड कोरा. घरगुती मायक्रोटिकमध्ये असते तशी तयार फायरवॉल यात नाही, १९२.१६८.८८.१ हा आधीच दिलेला पत्ताही नाही. पहिल्या पोर्टवर फक्त डीएचसीपी क्लायंट, म्हणजे नेटवर्ककडून आपोआप पत्ता घेण्याची सोय. घरच्या वायफायवर ब्रिज करू नका: एका वायफाय कार्डामागे अनेक मॅक पत्ते ॲक्सेस पॉइंटला सहसा चालत नाहीत. हॉलमधल्या राउटरपर्यंत केबल ओढा.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते राउटरओएसच्या (मायक्रोटिकच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या) आवृत्ती ६ चं जुनं शिक्षणसाहित्य. ७ मध्ये ओएसपीएफचा ‘नेटवर्क’ मेनूच गेला, त्याच्या जागी इंटरफेस टेम्प्लेट आलं. बीजीपीत तर फसगत ठरलेली: सेशन एस्टॅब्लिश्ड (जुळलेलं) दिसतं, पण शेजारच्या राउटरकडे एकही प्रीफिक्स (नेटवर्कच्या पत्त्यांचा गट) पोचत नाही. प्रीफिक्स आता फायरवॉलच्या ॲड्रेस लिस्टमध्ये लिहायचा, ती लिस्ट कनेक्शनच्या आउटपुट नेटवर्कला जोडायची, आणि तोच प्रीफिक्स रूटिंग टेबलमध्येही असायला हवा. नसेल तर त्याचा ब्लॅकहोल रूट (आलेलं ट्रॅफिक टाकून देणारा रूट) टाका, प्रीफिक्स लगेच शेजाऱ्याकडे जातो.

सिस्कोच्या सीसीएनए परीक्षेसाठी मात्र हा घेऊ नका, कमांड अजिबात जुळत नाहीत. त्यासाठी सिस्कोच्या सीएमएल या लॅब सॉफ्टवेअरची पाच नोडची (उपकरणांची) फुकट आवृत्ती बरी.